संघर्षसंवेदनशील विकास

संघर्षसंवेदनशील विकास ही विकासकामे, आपत्तीनंतरची मदत आणि शांतता प्रस्थापनेचे कार्यक्रम यांचे नियोजन करण्याची एक पद्धती आहे. निधी, रस्ता, धरण, नळयोजना किंवा मदतवाटप यांपैकी काहीही एखाद्या प्रदेशात आले, की तेथील समाजात आधीपासून असलेले ताण त्यामुळे वाढतात किंवा निवळतात, हे या पद्धतीचे मूळ गृहीतक आहे. त्यामुळे कोणताही प्रकल्प आखण्यापूर्वी त्या ठिकाणचे वाद, त्यांचा इतिहास आणि लोकांना एकत्र ठेवणारे दुवे यांचा अभ्यास करावा आणि त्यानुसार प्रकल्पाच्या आराखड्यात बदल करावेत, असे ती सुचवते.

ही पद्धती मुख्यतः युद्धग्रस्त व अस्थिर देशांतील मदतकार्याच्या अनुभवातून विकसित झाली. तथापि, सशस्त्र संघर्ष नसलेल्या प्रदेशांतही तिचा उपयोग केला जातो. महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्हा व कृष्णा खोरे येथील पाणीवाटप, धरणग्रस्तांचे पुनर्वसन आणि महापूर यांविषयीचे वाद या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत.

## संज्ञा व व्याप्ती

संघर्षसंवेदनशीलतेत तीन गोष्टींचा समावेश होतो: ज्या परिस्थितीत काम करावयाचे ती समजून घेणे, आपले काम आणि ती परिस्थिती यांचा परस्परांवर होणारा परिणाम ओळखणे, आणि प्रतिकूल परिणाम टाळून अनुकूल परिणाम वाढतील अशा रीतीने काम करणे.

शांतता प्रस्थापना आणि संघर्षसंवेदनशीलता या दोन भिन्न संज्ञा आहेत. शांतता प्रस्थापनेत संघर्ष मिटवणे हाच कार्यक्रमाचा उद्देश असतो. संघर्षसंवेदनशीलता ही मात्र कोणत्याही कार्यक्रमाला लावता येणारी कसोटी आहे. शाळा बांधणे, लसीकरण करणे किंवा नळयोजना राबवणे यांचा उद्देश शांतता हा नसला, तरी त्या कामांमुळे वाद पेटू शकतो, म्हणून ही कसोटी त्यांनाही लागू होते. त्याचप्रमाणे ‘संघर्ष टाळणे’ असा तिचा अर्थ नाही. अन्यायाविरुद्धचा सनदशीर संघर्ष दडपून मिळवलेली शांतता या पद्धतीला अभिप्रेत नाही.

## उगम

१९९४ मधील रवांडातील वंशसंहारानंतर या विषयाला गती मिळाली. संहारापूर्वी रवांडा हा विकासनिधीचा चांगला वापर करणारा देश मानला जात असे. ही मदत तेथील विषमता व बहिष्काराच्या व्यवस्थेतूनच वाटली जात होती आणि त्यामुळे ती व्यवस्था बळकट झाली, अशी मांडणी पीटर युविन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली. संहारानंतर तत्कालीन झाईरमधील गोमा परिसरात उभारलेल्या निर्वासित छावण्यांत संहाराला जबाबदार असलेल्या गटांनी अन्नवाटपावर ताबा मिळवला. या कारणास्तव ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ या वैद्यकीय संस्थेच्या फ्रेंच शाखेने १९९४ च्या अखेरीस छावण्यांतून माघार घेतली.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ मेरी बी. अँडरसन यांनी विविध देशांतील मदतकार्याचा अभ्यास करून १९९९ मध्ये ‘डू नो हार्म’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ‘अपाय करू नका’ या अर्थाचे हे शीर्षक पुढे संपूर्ण विचारपद्धतीचे नाव झाले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९९७ मध्ये संघर्ष, शांतता व विकास यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. २००७ मध्ये अस्थिर राष्ट्रांतील कामासाठी तिने स्वतंत्र तत्त्वे मान्य केली.

२००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत या विचाराची निकड पुन्हा दिसून आली. किनाऱ्यावरील त्सुनामीग्रस्तांना मिळालेली मदत आणि त्याच भागात अनेक वर्षे विस्थापित असलेल्या युद्धग्रस्तांना मिळणारी मदत यांत मोठी तफावत होती. मदत सद्हेतूने दिली गेली असली, तरी तिच्यामुळे दोन पीडित समूहांत नवी असूया निर्माण झाली.

## मुख्य संकल्पना

अँडरसन यांच्या मांडणीनुसार प्रत्येक संघर्षग्रस्त समाजात दोन प्रकारचे घटक एकाच वेळी अस्तित्वात असतात.

विभाजक घटक: लोकांना परस्परांपासून दूर नेणारे घटक, उदा. जमीन व पाण्याची असमान वाटणी, जुन्या अन्यायांच्या आठवणी, प्रशासकीय सीमा, एका गटाला मिळालेले झुकते माप.

संयोजक घटक: वाद असतानाही लोकांना जोडून ठेवणारे घटक, उदा. सामाईक बाजारपेठ, नातेसंबंध, यात्रा-जत्रा, एकत्रित चालवलेली पाणी व्यवस्था, दोन्ही बाजूंना उपयुक्त असलेली माहिती.

बाहेरून येणारा प्रकल्प या घटकांवर दोन मार्गांनी परिणाम करतो. पहिला मार्ग संसाधनांचा आहे. कोणाला किती मिळाले, कोणाच्या हातून मिळाले, त्यामुळे बाजारभाव कसे बदलले आणि कोणत्या नेतृत्वाला प्रतिष्ठा मिळाली, यावर संघर्षाची दिशा अवलंबून असते. दुसरा मार्ग वर्तनातून जाणाऱ्या संदेशाचा आहे. बैठक न घेता पोलीस बंदोबस्तात सर्वेक्षण केल्यास, योजना तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असली, तरी ‘तुमचे मत विचारात घेतले जाणार नाही’ असाच संदेश पोहोचतो.

## कार्यपद्धती

या पद्धतीत साधारणतः पुढील टप्पे पाळले जातात:

१. परिस्थितीचे विश्लेषण: वादाचा इतिहास, संबंधित गट व त्यांचे हितसंबंध, विभाजक व संयोजक घटक यांची नोंद.

२. प्रकल्पाचे विश्लेषण: काम कोठे, केव्हा, कोणामार्फत होणार आणि लाभार्थी कोणत्या निकषावर निवडले जाणार, याची छाननी.

३. परस्परपरिणामांचा अंदाज: प्रकल्पामुळे कोणता विभाजक घटक तीव्र होईल आणि कोणता संयोजक घटक दुर्बल होईल, याचा विचार.

४. पर्यायांची आखणी: जागा, क्रम, निकष किंवा अंमलबजावणीची यंत्रणा बदलून अपाय कमी करणे.

५. सततचे निरीक्षण: काम सुरू असताना परिस्थिती बदलल्यास आराखड्यात फेरबदल करणे.

यांपैकी चौथ्या टप्प्याची वेळ निर्णायक मानली जाते. निविदा निघण्यापूर्वी पर्याय हे केवळ तांत्रिक पर्याय असतात. त्यानंतर प्रत्येक पर्यायामागे एक गट उभा राहतो आणि माघार घेणे म्हणजे पराभव, असे स्वरूप वादाला येते.

## कोल्हापूर जिल्ह्यातील अनुभव

कोल्हापूर हा पाण्याच्या दृष्टीने संपन्न जिल्हा मानला जातो. भोगावती नदीवरील राधानगरी धरणाचे काम छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाले. पावसाळ्यात बरगे काढून नदी मोकळी करणारा आणि पावसाळा संपताना बरगे घालून पाणी अडवणारा ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ महाराष्ट्रात सर्वत्र स्वीकारला गेला. सहकारी उपसा सिंचन संस्था व साखर कारखाने यांमुळे नदीकाठची शेती उसाखाली आली. उन्हाळ्यात पाणी कमी पडू लागले की पाटबंधारे विभाग उपसाबंदी लागू करतो. त्यामुळे विपुलता असलेल्या जिल्ह्यातही पाणी हा वाटणीचा आणि वादाचा विषय राहिला आहे.

### इचलकरंजीचा पाणीपुरवठा

इचलकरंजी हे यंत्रमाग उद्योगाचे शहर पंचगंगा नदीकाठी वसले असून २०२२ मध्ये तेथे महानगरपालिका स्थापन झाली. शहराला पंचगंगा आणि शिरोळ तालुक्यातील मजरेवाडी येथून कृष्णा नदीचे पाणी पुरवले जाते. कोल्हापूर शहराचे सांडपाणी, साखर कारखान्यांची मळी आणि इचलकरंजीतील कापड प्रक्रिया उद्योगांचे सांडपाणी यांमुळे पंचगंगा प्रदूषित झाली आहे. २०१२ मध्ये शहरात काविळीची मोठी साथ आली व त्यानंतर शुद्ध पाण्याच्या पर्यायी स्रोताची मागणी तीव्र झाली.

वारणा नदीवरील दानोळी (ता. शिरोळ) येथून पाणी आणण्याची योजना केंद्राच्या ‘अमृत’ अभियानातून आखण्यात आली. दानोळी व वारणाकाठच्या इतर गावांनी तिला विरोध केला आणि २०१७-१८ मध्ये आंदोलन तीव्र झाले. पोलीस बंदोबस्तात काम सुरू करण्याचे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. त्यानंतर दूधगंगा नदीवरील सुळकूड (ता. कागल) येथून पाणी आणण्याच्या योजनेला २०२२ मध्ये राज्य शासनाने मंजुरी दिली. या योजनेला कागल व शिरोळ तालुक्यांतील गावांबरोबरच कर्नाटकातील निपाणी परिसरातूनही विरोध झाला, कारण दूधगंगा पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते आणि काळम्मावाडी येथील दूधगंगा प्रकल्पात कर्नाटकचा ४ अब्ज घनफूट पाण्याचा वाटा आहे.

दोन्ही बाजूंच्या भूमिकांना आधार आहे. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला प्रथम प्राधान्य असून दूषित नदीवर अवलंबून असलेल्या शहराला सुरक्षित पाणी मिळणे हा आरोग्याचा प्रश्न आहे, असे इचलकरंजीतील नागरिकांचे म्हणणे आहे. नदीकाठच्या गावांच्या मते काळम्मावाडी धरणातून कोल्हापूर शहरासाठी थेट जलवाहिनी झाली असून तिचे पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरात पोहोचले. धरणाला गळती आहे, उपसाबंदीची झळ शेतकऱ्यांना बसते आणि आणखी एक मोठी योजना झाल्यास ती वाढेल. शहरांनी आधी पंचगंगा शुद्ध करावी, अशी मागणी ते करतात. शिरोळ तालुक्याच्या विरोधाला जुन्या अनुभवाचीही पार्श्वभूमी आहे. पंचगंगेचे प्रदूषित पाणी प्रवाहाच्या खालच्या बाजूला असलेल्या या तालुक्यात येते आणि तेरवाड बंधाऱ्याजवळ मासे मृत होण्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत.

संघर्षसंवेदनशील दृष्टीने पाहता येथे स्रोत बदलला, तरी आखणीचा क्रम बदलला नाही. स्रोत निश्चित होणे, निधी मंजूर होणे आणि त्यानंतर स्रोताजवळच्या गावांशी चर्चा होणे, असा हा क्रम होता. त्यामुळे वारणेवरील वाद दूधगंगेवर गेला आणि त्याला आंतरराज्य परिमाण प्राप्त झाले. शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा उद्योगांसाठी पुनर्वापर, पंचगंगेच्या शुद्धीकरणाचे कालबद्ध टप्पे आणि उपसाबंदीच्या काळात शहर व शेती यांच्यातील वाटपाचा लेखी करार यांसारख्या अटी योजनेच्या आराखड्यातच असणे, हा या पद्धतीशी सुसंगत मार्ग ठरतो. या वादात संयोजक घटकही आहेत. नदीकाठच्या गावांतील तसेच सीमेपलीकडील अनेक कुटुंबांचा रोजगार इचलकरंजीच्या यंत्रमागांवर अवलंबून आहे.

### धरणग्रस्तांचे पुनर्वसन

महाराष्ट्राच्या पुनर्वसन कायद्यात धरणामुळे जमीन गमावलेल्या कुटुंबांना लाभक्षेत्रात पर्यायी जमीन देण्याची तरतूद आहे. ही जमीन प्रामुख्याने लाभक्षेत्रातील ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक धारण असलेल्या शेतकऱ्यांकडून संपादित केली जाते. ही मर्यादा बोलीभाषेत ‘स्लॅब’ म्हणून ओळखली जाते. ज्याला पाणी मिळाले त्याने ज्याचे गाव बुडाले त्याला जमीन द्यावी, हे तत्त्व न्याय्य आहे. परंतु अंमलबजावणीत त्यातून नवा विभाजक घटक निर्माण होतो. मूळ गावकरी विस्थापितांकडे आपली जमीन घेणारे म्हणून पाहतात, तर विस्थापितांना ताबा मिळण्यास विलंब, निकृष्ट जमीन आणि अपुऱ्या नागरी सुविधा यांना तोंड द्यावे लागते.

वारणा नदीवरील चांदोली धरण आणि चांदोली अभयारण्य यांमुळे विस्थापित झालेल्या गावांपैकी काहींचे पुनर्वसन कोल्हापूर जिल्ह्यात झाले. जमीन व नागरी सुविधांच्या मागणीसाठी या विस्थापितांनी कोल्हापूर येथे जिल्हाधिकारी कार्यालयासमोर अनेकदा दीर्घकाळ ठिय्या आंदोलने केली. डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखालील श्रमिक मुक्ती दलाने धरणग्रस्त व दुष्काळग्रस्त या दोन्ही समूहांना एकाच व्यासपीठावर आणण्याचा प्रयत्न केला. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ या मागणीबरोबरच प्रत्येक कुटुंबाला समान पाणी हे तत्त्व संघटनेने मांडले. धरणग्रस्त आणि लाभधारक यांचे हितसंबंध परस्परविरोधी न राहता पूरक व्हावेत, असा या मांडणीचा आशय होता.

आजरा तालुक्यातील उचंगी प्रकल्पात बाधित गावांनी केवळ विरोध न करता तज्ज्ञांच्या साहाय्याने कमी जमीन बुडवणारा पर्यायी आराखडा सादर केला. बाधितांनी स्वतः तांत्रिक पर्याय मांडल्याचे हे महाराष्ट्रातील महत्त्वाचे उदाहरण आहे. तथापि, पुनर्वसनाचे प्रश्न प्रलंबित राहिल्याने या प्रकल्पाचे काम सुमारे दोन दशके रेंगाळले.

### महापूर आणि अलमट्टी धरण

२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत महापूर आले. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे पूर वाढतो, असा समज या जिल्ह्यांत व्यापक प्रमाणात आहे. अलमट्टीची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर असून न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या कृष्णा पाणी तंटा लवादाने डिसेंबर २०१० मधील निवाड्यात ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्यास कर्नाटकाला मुभा दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्याने हा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध होऊ शकला नाही. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष काढला. अतिवृष्टी, पूररेषेतील बांधकामे व नदीपात्रातील अडथळे यांकडे तिने लक्ष वेधले. तरीही पाणीपातळी वाढवण्याच्या प्रस्तावाला दोन्ही जिल्ह्यांत तीव्र विरोध आहे.

या वादात माहिती हाच विभाजक आणि संयोजकही घटक ठरतो. विसर्गाचे आकडे वेळेवर व विश्वासार्ह स्वरूपात न मिळाल्यास संशय वाढतो. याउलट, धरणांतील साठा, आवक व विसर्ग यांची माहिती दोन्ही राज्यांनी सामाईकपणे वापरल्यास निर्णय सोपे होतात. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील आणि कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांच्यात बंगळूर येथे पूरनियंत्रणाच्या समन्वयाबाबत बैठक झाली. उन्हाळ्यात कर्नाटकाच्या विनंतीवरून महाराष्ट्र कोयना व वारणा धरणांतून कृष्णेत पाणी सोडतो, हा दोन्ही राज्यांतील दुसरा महत्त्वाचा दुवा आहे. जोतिबाच्या यात्रेला येणारे कर्नाटकातील भाविक आणि सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला जाणारे कोल्हापूरचे भाविक यांमुळे सीमावाद असूनही सामाजिक संबंध टिकून आहेत.

## महाराष्ट्रातील इतर उदाहरणे

कोल्हापूरच्या शेजारील सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातील काही गावांनी पाणी मिळत नसल्याने कर्नाटकात सामील होण्याचा ठराव केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याचा उल्लेख केल्यावर सीमावाद पुन्हा पेटला. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने विस्तारित म्हैसाळ उपसा सिंचन योजनेला गती दिली. विकासातील दीर्घ उपेक्षा राजकीय निष्ठेच्या प्रश्नात रूपांतरित होऊ शकते, हे या घटनेतून दिसते.

राज्यात सशस्त्र संघर्षाचा दीर्घ अनुभव गडचिरोली जिल्ह्याला आहे. तेथे मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे ग्रामसभेने बांबूची विक्री स्वतः केली. त्याच जिल्ह्यात सुरजागड येथील लोहखनिज उत्खननाला स्थानिक ग्रामसभांचा विरोध झाला आणि डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तेथील अनेक वाहने जाळली. निर्णय कोणाच्या हाती होता, हा या दोन उदाहरणांतील प्रमुख फरक आहे.

## कायदेशीर चौकट

भारतात संघर्षसंवेदनशीलतेची अट घालणारा स्वतंत्र कायदा नाही. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनासाठी कायदा केला. त्यानंतर १९८६ व १९९९ मध्ये नवे अधिनियम संमत झाले. केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम मूल्यांकनाची तरतूद आहे. मात्र ही चौकट मुख्यतः जमीन गमावणाऱ्यांचा विचार करते. नळयोजनेत जमीन थोडी लागते, परंतु पाण्याचे वाटप बदलते. अशा योजनेमुळे होणारा वाद या मूल्यांकनाच्या कक्षेत सहसा येत नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्यान्वये स्थापन झाले असून पाण्याच्या हक्कांचे वाटप हे त्याच्या कार्यकक्षेत येते.

## टीका व मर्यादा

या पद्धतीवर पुढील आक्षेप घेतले जातात:

विश्लेषण हा अनेकदा अर्जातील एक रकाना ठरतो आणि प्रकल्पाचा आराखडा प्रत्यक्षात बदलत नाही.

‘दोन्ही बाजू’ या तटस्थ भाषेमुळे सत्ता व साधने असलेला गट आणि वंचित गट एकाच मापाने मोजले जातात.

चर्चा लांबल्यास तातडीच्या गरजा असलेल्या लोकांचे नुकसान होते. दूषित पाणी पिणाऱ्या शहराच्या बाबतीत हा आक्षेप विशेष गंभीर आहे.

संघर्षालाच दोष मानल्यास हक्कांसाठीच्या चळवळी विकासविरोधी ठरवल्या जाण्याचा धोका असतो. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रह (१९२१-२४) धरण रोखू शकला नाही, परंतु विस्थापितांचा प्रश्न त्याने सार्वजनिक चर्चेत आणला. महाराष्ट्रातील पुनर्वसनाचे कायदे आणि त्यांची अंमलबजावणी यांमागे पुढील धरणग्रस्त चळवळींचा मोठा वाटा आहे.

या आक्षेपांना उत्तर देताना समर्थक असे प्रतिपादन करतात की, वाद नाहीसा करणे हे या पद्धतीचे उद्दिष्ट नसून तो हिंसेशिवाय आणि ज्यांचे सर्वाधिक नुकसान होते त्यांच्या सहभागाने सुटावा, एवढीच तिची अपेक्षा आहे. चर्चेसाठी लागणारा काळ हा विलंब नसून, नंतर आंदोलने व न्यायालयीन प्रकरणांत जाणारी वर्षे त्यामुळे वाचतात, असेही ते दाखवून देतात.

## हे सुद्धा पहा

कृष्णा पाणी तंटा लवाद
पंचगंगा नदी
अलमट्टी धरण
राधानगरी धरण
मुळशी सत्याग्रह
महाराष्ट्र–कर्नाटक सीमावाद